चौथी गोळी का अडते? ठासणीच्या रायफलीची चिंधी आणि तिचं वंगण

मागच्या अंकात ठासणीच्या रायफलीबद्दल दोन पानं काय लिहिली, मेलबॉक्स भरून गेला. गंमत म्हणजे दारू कुठली, गोळी कुठली हे फारसं कोणी विचारत नाही, सगळ्यांचं घोडं अडलंय ते चिंधीपाशी आणि तिला काय चोपडायचं याच्यापाशी. म्हणून यावेळी फक्त तेवढंच. ज्यांनी मागचा अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक, आधी मापाने दारू ओतायची, मग तेल नाहीतर चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी घेऊन ती गजाने खाली दारूवर बसवायची. इंग्रजीत त्या तुकड्याला पॅच म्हणतात, मी चिंधी म्हणतो.

प्रश्न: दादा, मी पेन्सिल्व्हेनियात असतो. गेल्या वर्षी सेकंडहँड .50 कॅलिबरची (नळी अर्ध्या इंचाची) फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी ठासणीची रायफल, घेतली. पहिले तीन बार मस्त जातात, चौथी गोळी अर्ध्या नळीत अडते आणि पाचवीला तर गजावर अक्षरशः लटकावं लागतं. रेंजवर चौघांना विचारलं तर चौघांनी चार वेगळी ल्यूब, म्हणजे वंगणं, सांगितली, त्यातला एक म्हणे नुसती थुंकी लाव. दुकानात डझनभर डबे आहेत. नक्की कुठला घेऊ? आणि हो, गोळ्या टारगेटवर पण इकडेतिकडे जातात.

उत्तर: पहिली गोष्ट पहिली. गोळी अर्ध्यात अडली असेल आणि खाली दारूपर्यंत पोचली नसेल तर तो बार कधीही, म्हणजे कधीही उडवायचा नाही. दारू आणि गोळीच्या मधे पोकळी राहिली की नळी फुगू शकते, फाटू पण शकते. बॉल पुलर म्हणून गजाच्या टोकाला लावायचा स्क्रू मिळतो, तो आधी विकत घ्या, ल्यूब नंतर. आणि गजावर खूण करून ठेवा, तुमच्या नेहमीच्या मापाची दारू आणि चिंधीतली गोळी पूर्ण खाली बसली की गज नळीच्या तोंडाशी कुठे येतो ती. खूण वर राहिली की गोळी वर आहे, मग तुम्हाला कितीही वाटू दे की बसली.

आता अडते का. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक असतं आणि ती जळली की सगळीचा धूर होत नाही, वजनाने निम्म्याहून जास्त माल घन राहतो, त्यातला बराच नळीला आतून चिकटतो. त्याला मी कीट म्हणतो. हे कीट हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ऑगस्टच्या दमट हवेत ते मऊ असतं आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखं कडक होतं. तुमच्या तीन बारांचं कीट साठतं आणि चौथी गोळी त्यात रुतते. बंदूक बिघडलेली नाही.

चिंधीवरच्या वंगणाला तीन कामं असतात. कापड जळू नये, गोळी आत सरकावी आणि मागच्या बाराचं कीट मऊ व्हावं. दुकानातल्या डझनभर डब्यांचा गोंधळ इथेच आहे, कारण ही तिन्ही कामं एकच डबा सारखी करत नाही, ग्रीससारखं वंगण सरकवतं छान पण कडक कीट विरघळवायला पाणी लागतं, कीट म्हणजे बरेचसे क्षारच ना शेवटी. म्हणून तुमच्या त्या चौथ्या माणसाला हसू नका, थुंकी म्हणजे पाणीच आहे आणि रेंजवर भरला की लगेच उडवायचा असेल तर थुंकीइतकं सोपं आणि फुकट काही नाही. मी स्वतः दारू मापून ओतेपर्यंत चिंधी तोंडात धरतो, चांगली चावून ओली करतो, मग नळीच्या तोंडावर पसरतो. (कापड नवं आणि धुतलेलं असावं हे सांगायला नको. आणि शिशाच्या गोळ्या हाताळलेल्या बोटांनी चिंधी तोंडात घालू नये, हे मात्र सांगायला हवं.)

थुंकी नको असेल तर बॅलिस्टॉल आणि पाणी. हे 1904 पासूनचं जर्मन तेल आहे, पाण्यात मिसळलं की ताकासारखं पांढरं होतं. एक भाग तेलाला सहा-सात भाग पाणी घ्या, कापडाच्या पट्ट्या त्यात बुडवा, पिळा, आणि प्लास्टिकच्या शीटवर आडव्या वाळत घाला. दोरीवर टांगू नका, टांगलं की तेल सगळं खालच्या कडेला उतरतं आणि एकाच पट्टीतल्या वरच्या चिंध्या कोरड्या, खालच्या तेलकट होतात. पाणी उडून जातं, तेल कापडात सारखं राहतं. जास्त तेलकट वाटलं तर पाणी वाढवा, चिंध्या जळायला लागल्या तर कमी करा. पण एक आहे, अशी वाळलेली चिंधी गोळीला मस्त पण कीट मऊ करायला तिच्यात पाणी उरलेलं नसतं, म्हणून दर बारानंतर वेगळा जेमतेम दमट फडका गजाला लावून एकदा आत-बाहेर आणि मागून एक कोरडा. फडका चिंब नको, नाहीतर कीटाचा चिखल खाली बुडाशी ढकलला जातो आणि पुढचा बार पेटतच नाही.

मोटर ऑइल वगैरे लावू नका, काळ्या दारूच्या कीटाबरोबर त्याचं डांबर होतं. लोक यावरून सरसकट पेट्रोलियमच्या नावाने बोटं मोडतात, ते अर्धंच खरं आहे कारण बॅलिस्टॉल पण मिनरल ऑइलच आहे, पण नियम म्हणून गॅरेजमधलं तेल बंदुकीत नको.

आता तुमची दुसरी तक्रार, गोळ्या इकडेतिकडे जातात ती. याचं उत्तर डब्यात नाही, जमिनीवर आहे. बार काढल्यावर नळीच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर चिंधी पडलेली असते. रेंजवरचा गोळीबार थांबला, पुढे जायची परवानगी मिळाली की ती उचला. बहुतेक लोक तुडवून पुढे टारगेट बघायला जातात आणि खरी माहिती बुटाखाली जाते. हातात घेऊन उलगडा. मधोमध, गोळीच्या मागे जिथे दारूची आच लागली तिथे काळं वर्तुळ, त्याच्या भोवती आट्यांचे (रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांचे) ठसे उन्हाच्या किरणांसारखे बाहेर गेलेले, कडा थोड्या विस्कटलेल्या पण कापड शाबूत, धुऊन परत वापरता येईल इतपत, अशी दिसली की वंगण आणि जाडी दोन्ही जमलं. मधे भोक पडून कडा तपकिरी, चुरचुरीत झाल्या असतील तर वंगण कमी किंवा कापड पातळ, आच बाजूने पुढे घुसते. आट्यांच्या ओळीत ब्लेडने कापल्यासारख्या चिरा असतील तर दोष वंगणाचा नाहीच, नळीच्या तोंडाची कड धारदार आहे. बारीक पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून तोंडावर गोल गोल फिरवला की ती बोथट होते, घाई न करता दहा-पंधरा मिनिटं. आणि सगळी चिंधी लोकरीसारखी पिंजून आली तर सेकंडहँड नळीत आत गंज असू शकतो, तो आधी जाणकाराला दाखवा.

माझी एक चिंधी अजून पाकिटात आहे. मधे आठ आण्याएवढं भोक. मी तेव्हा सहा महिने ल्यूब बदलत होतो, चार डबे घेऊन झाले, आणि निघालं काय तर कापड .010 इंचाचं पातळ होतं. .50 ला .490 ची गोळी म्हणजे चहूकडून फक्त पाच हजारांश इंचाची फट, पण त्यापुढे आट्यांची खोली असते ती कापडानेच भरायची असते. कापड बदलून .018 केलं, ल्यूब तीच ठेवली, भोक बंद आणि गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जवळ यायला लागल्या. म्हणून सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. कापड बदललं तर वंगण तेच, वंगण बदललं तर दारूचं माप तेच, आणि प्रत्येकाचे निदान पाच बार.

कापड म्हणाल तर आपल्याकडे गाद्यांच्या खोळी ज्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाच्या असतात तसलं घट्ट विणीचं सुती, इथे पिलो टिकिंग म्हणून मिळतं. शंभर टक्के कॉटन, पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते नळीत वितळतं. खळ जाईपर्यंत दोनदा धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर नको. जाडी कॅलिपरने दाबून मोजा.

प्रश्न: मी डिसेंबरात पहिल्यांदाच हरणाच्या फ्लिंटलॉक सीझनला जाणारे. रेंजवर जी ओली चिंधी वापरतो तीच चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मला विचारा. पेन्सिल्व्हेनियाचा फ्लिंटलॉक सीझन नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे भर थंडी. माझ्या पहिल्या सीझनला मी साबण-पाण्याच्या मिश्रणात भिजवलेली चिंधी घालून सकाळी सहाला बार भरला आणि झाडाला टेकून बसलो. साडेदहाला चाळीस पावलांवर मादी आली. चाप ओढला, गारगोटीची ठिणगी पडली, पॅनमधली, म्हणजे नळीच्या बाहेरच्या छोट्या वाटीतली दारू, जुन्या भाषेत रंजक, फुस्स करून उडाली आणि आतला बार ढिम्म. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मला वाटतं तिला पण वाईट वाटलं असावं, आणि सावकाश चालत गेली. साडेचार तासांत चिंधीतलं पाणी खालच्या दारूत उतरलं होतं. शिवाय ओली चिंधी जिथे टेकलेली असते तिथे नळीत गंजाची रिंग धरते ती वेगळीच.

शिकारीला बार तासन्‌तास भरलेला राहतो, म्हणून तिथे न वाळणारं, न गोठणारं, पाणी नसलेलं वंगण हवं. मिंक ऑइल (मिंक या प्राण्याच्या चरबीचं तेल) चांगलं, थंडीत पण मऊ राहतं. किंवा मेंढीची चरबी आणि मधमाशीचं मेण घरी करा, किंवा ऑलिव्ह ऑइल आणि मेण. मी चार भाग ऑलिव्ह ऑइल, एक भाग मेण घेतो, उन्हाळ्यात मेण थोडं वाढवतो नाहीतर डब्यातच पाणी-पाणी होतं, थंडीत कमी करतो. मेण साधारण 62-64 डिग्रीला वितळतं, तेव्हा थेट आचेवर ठेवायची गरज नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून करा. चरबी असेल तर बिनमिठाची, मीठ म्हणजे गंज.

लावायचं किती? पोळीला तूप लावतो तेवढं. चिंधी टिश्यू पेपरमध्ये दाबली की पुसट डाग उठला पाहिजे, ओघळ नाही. जास्त झालं तर ते पण दारूत उतरतं. जास्तीची काळजी म्हणून दारू आणि गोळीच्या मधे लोकरी फेल्टची एक चकती घालतात, मी शिकारीला घालतोच, रेंजवर कंटाळा करतो. आणि सकाळी बार भरायच्या आधी साठवणीचं तेल नळीतून पुसून काढा, आणि बारीक सुई घालून कानाचं भोक, म्हणजे रंजकाची आग आत नेणारं नळीच्या बुडाशी बाजूला असलेलं छिद्र, मोकळं आहे का बघा. इतकं करून पण पहिला बार फुसका गेला तर मग मात्र वंगणाला दोष देऊ नका, गारगोटी बघा.

व्हिसावर असलेल्या दोघा-तिघांनी विचारलंय की आम्हाला ही बंदूक घेता येते का. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ठासणीच्या बहुतेक बंदुका अँटिक धरल्या जातात, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत आणि शिकारीचं लायसन्स हा आणखी वेगळा विषय. हा कॉलम वाचून ठरवू नका, वकिलाला विचारा.

प्रश्न: सर, साजूक तूप चालेल का? थट्टा करत नाहीये, घरात डबाभर पडून आहे.

उत्तर: थट्टा का वाटावी, प्रश्न बरोबर आहे. साजूक तुपात मीठ नसतं आणि नीट कढवलेलं असेल तर पाणी पण नसतं, त्यामुळे बंदुकीला अपाय काही नाही. अडचण दोन. उन्हाळ्यात ते पातळ होऊन कापडातून निथळतं आणि काही महिन्यांनी खवट होऊन डब्याला मुंग्या नाहीतर उंदीर लागतात. मेण मिसळलं तर पहिली अडचण जाते, दुसरी राहते. बाजारातलं सॉल्टेड बटर मात्र अजिबात नको, मीठ पण आणि पाणी पण.

आणि तुपाचा विषय निघालाच आहे तर 1857 आठवणारच. एनफिल्डच्या 1853 च्या नमुन्याची .577 ची रायफल पण ठासणीचीच होती, फक्त तिथे सुटी चिंधी नव्हती, कागदाच्या काडतुसात दारू आणि गोळी एकत्र असायची आणि गोळीभोवतीचा कागदच चिंधीचं काम करायचा. दाताने तोडायचं ते दारूकडचं टोक, चरबी-मेणात बुडवलेलं ते दुसरं, गोळीकडचं टोक, पण हाताळताना आणि हिंदुस्थानच्या उन्हात ती चरबी सगळीकडे लागणारच. जानेवारी 1857 मध्ये डमडमला कुरबूर सुरू झाली तेव्हा बराकपूरच्या जनरल हिअर्सीने वर कळवलं होतं की शिपायांना बाजारातून हवा तो माल आणून स्वतःच वंगण करू द्या, आणि सरकारने ते मानलं पण. म्हणजे चरबीऐवजी तूप, तेल, मेण चाललं असतं, रायफलीचं काही अडत नव्हतं. पण तोपर्यंत कागदच चकचकीत दिसतो, त्यातच काहीतरी आहे असं शिपायांना वाटायला लागलं होतं, आणि पुढे 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे. आपण शाळेत डुकराची-गाईची चरबी एवढंच पाठ केलं, पण ती मुळात तिथे कशाला होती हे कोणी सांगितलं नाही. तुमच्या नळीत चौथी गोळी अडते ना, त्याच्यासाठी होती.

प्रश्न: सिंधुदुर्गातून लिहितोय. आजोबांच्या नावावर शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, माळ्यावर आहे. तिला चिंधीला खोबरेल लावलं तर चालेल का?

उत्तर: अहो थांबा. आधी ती भरलेली आहे का बघा. आपल्याकडे बार भरून आड्याला टांगून ठेवलेल्या बंदुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या आहेत. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडे न धरता लाकडी काठी अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग ती बाहेरून नळीला लावून बघा. काठी कानाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नका.

दुसरं म्हणजे आजोबा गेले असतील तर परवाना त्यांच्याबरोबर गेला. ठासणीची असली तरी 1959 च्या शस्त्र कायद्यात ती येतेच, पोलीस ठाण्यात कळवून जमा करायची आणि वारस म्हणून रीतसर अर्ज करायचा. माळ्यावर राहू देऊ नका. आणि रानडुक्कर असो की वानर, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे स्वतःच्या मनाने बार काढता येत नाही.

चिंधीचं म्हणाल तर तुमची बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची, छऱ्यांची असणार. आटेच नसतील तर या सगळ्या वंगणपुराणाची तिथे गरज नाही, छऱ्यांच्या खाली-वर बोळा ठासतात एवढंच. खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास गोठतं, कोकणात वर्षातले फार थोडे दिवस ते घट्ट होईल, पण साठवायला म्हणून लावणार असाल तर साधं गन ऑइल बरं. पण आधी पोलीस ठाणं.

प्रश्न: मिनी गोळीला, म्हणजे त्या लांबट टोकदार गोळीला, चिंधी लागते का?

उत्तर: नाही. तिच्या खोबणीतच ग्रीस भरायचं, आणि बुडाशी पोकळ असल्यामुळे ती दारूच्या दाबाने फुगून आट्यांत बसते.

प्रश्न: जुने लोक काय वापरायचे? त्यांच्याकडे कुठे डबे होते?

उत्तर: जे मारलं त्याची चरबी. पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागिरांनी जी लांब रायफल घडवली तिच्या दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागात, एक छोटा कप्पा असायचा, झाकण लाकडाचं किंवा पितळेचं, आत चरबी आणि चिंध्या. अस्वलाची चरबी लोकप्रिय होती, ती थंडीत पण मऊ राहते. इंग्रजांनी 1800 मध्ये बेकर रायफल घेतली तिलाही दस्त्यात पितळी झाकणाचा तसाच कप्पा, कापडाच्या नाहीतर पातळ चामड्याच्या चिंध्यांसाठी, आणि गोळी इतकी घट्ट की सुरुवातीला ती ठोकायला लाकडी हातोडी पण दिली होती. या सगळ्या बंदुका चालताना बघायच्या असतील तर इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे, तिथे नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची रेंज आहे, ही संस्था 1933 ची. वर्षातून दोनदा मोठा मेळा भरतो. तिथे दहा म्हाताऱ्यांना ल्यूब विचारलीत तर अकरा उत्तरं येतील, पण सगळे खाली वाकून चिंध्या उचलताना दिसतील.

प्रश्न: (एका वाचक ताईंकडून) हे चरबी-मेण घरात वितळवायला तुमच्या घरचे परवानगी देतात? आमच्याकडे हे चालू झालंय आणि अख्ख्या घराला मटणाचा वास येतो.

उत्तर: नाही देत. पहिल्या वेळेला खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून केलं होतं, तीन दिवस पडद्यांना वास होता. आता गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक शेगडी आहे, दार उघडं ठेवून करतो, आणि हो, दारूचा डबा तेव्हा गॅरेजमध्ये नसतो. पातेलं पण वेगळं काढून दिलंय, त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'बंदूक' लिहिलंय. तरी गेल्या वर्षी आई भारतातून आली होती, तिने ते घासूनपुसून किचनमध्ये आणलं, अक्षरं पण स्कॉचब्राइटने घालवली, आणि त्यात साबुदाणा भिजवला. आषाढी एकादशी होती. मी तिला अजून सांगितलेलं नाही.